उकळीचं सहावं वळं

मी हुशार आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मुलुंड पूर्वेच्या निम्म्या सोसायट्यांत कुठला पाइप कुठे गळतो, कुठल्या टाकीचा बॉलकॉक अडकतो, हे मला विचारायला लोक येतात. लोक म्हणजे आमचे लोक, सांदके. आम्ही इमारतींच्या सांदीकोपऱ्यांत राहतो, बहुतेक करून पाइपांच्या डक्टमध्ये. दीड वीत उंची, चुन्याच्या भिंतीचा रंग, खालून वर मिटणाऱ्या पापण्या आणि मागे एक शेपटी. माणसांना आम्ही दिसलो की पाल दिसल्यासारखं वाटतं आणि ती झाडू शोधायला जातात. त्यांचं काही चुकत नाही. लांबून आम्ही तसेच दिसतो.

माझं नाव कोयंडा. बायको पळी, मुलगी उकळी. पोर जन्मतं तेव्हा जवळ जे असेल किंवा जे चाललं असेल, त्याचं नाव त्याला मिळतं. मी घाटकोपरच्या एका चाळीत दाराच्या कोयंड्याखाली जन्मलो. उकळी जन्मली तेव्हा शेजारी चहा उतू जात होता.

आमच्यात वाढदिवस आपोआप होत नाही. माणसांचं बरं असतं. तारीख आली, वय वाढलं. दिवसभर लोळत पडलं तरी वाढतं. आमच्या पोराला मात्र दर वाढदिवशी, ऊन आहे तोवर, जिथे ते जन्मलं नेमकं त्याच जागी जाऊन उभं राहावं लागतं. करंगळीभर इकडेतिकडे चालतं, त्याहून जास्त नाही. पायाखाली घट्ट काहीतरी हवं, हलणारं चालत नाही. पाय नीट टेकले की शेपटीच्या बुडाशी गुदगुली होते आणि तिथे नवं वळं उमटतं. जुनी वळी टोकाकडे सरकतात. पोर म्हणतं, ‘आलं.’ मगच सगळे त्याला नावाने हाक मारतात. त्या दिवशी सकाळपासून वळं येईपर्यंत त्याचं नाव कुणी घेत नाही, तोवर ते आपल्याच घरात पाहुणं असतं. पाहुण्याला कामं सांगत नाहीत, रागावत नाहीत. त्याच्या जन्माच्या वेळी त्या घरात जे शिजत होतं तेच त्याला खायला देतात. बारा वळी झाली की शेपटी स्वतःच मोजायला शिकते. मग कुठेही जा, वर्ष धरलं जातं.

बारा व्हायच्या आत एखादं वर्ष चुकलं तर ते बुडालं, पोर वर्षभर तेवढंच राहतं, पुढच्या वर्षी मोजणी पुढे चालू. पण लागोपाठ तीन चुकली तर मोजणी थांबते ती थांबतेच. न मोजलेली वर्षं त्या रात्री झोपेत पोराच्या डोक्यातून गळून जातात, आणि पुढे दर वाढदिवसाला मागचं वर्ष तसंच गळतं. घाटकोपरच्या चाळीत असा एक थांबलेला होता. लहानपणी आम्ही दोघं एकत्र खेळायचो. पुढे माझं लग्न ठरलं ते सांगायला मी चाळीत गेलो, तेव्हा तो मला म्हणाला, ‘काका, कोयंडा खेळायला येईल का?’

ते मला कधी विसरता आलं नाही. तरीही मी जे करायचं ते केलंच.

आमच्या बायका बाळंतपणाला खाली उतरतात. पंपाच्या खोलीत, कंपाउंडच्या भिंतीशी, जिथे खाली माती आहे तिथे. जमीन कुठे जात नाही, हे त्यामागचं कारण. घंगाळ आजोबा, म्हणजे आमच्यातले सगळ्यांत जुने, हे नियम तोंडपाठ म्हणून दाखवतात. जन्म जमिनीवर. नाव वळ्यानंतर. पायाखाली जीव नको, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या अंगावर उभं राहून वळं मागायचं नाही. का, असं विचारलं की म्हणतात, ‘नको म्हणजे नको.’ असल्या उत्तराने माझं डोकं फिरतं.

पळीला कळा सुरू झाल्या तेव्हा आम्ही शुभदा सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर, उत्तराबाईंच्या स्वयंपाकघरामागच्या डक्टमध्ये राहत होतो. उत्तराबाई मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडली, मग नवराही गेला, मुलगी लग्न होऊन बडोद्याला. पहिल्यांदा त्यांनीही माझ्यामागे झाडू घेतला होता. मग एकदा मी त्यांच्या नळाचं वायसर बदलत असताना त्यांनी मला पाहिलं आणि झाडू खाली ठेवून ओट्यावर खवलेलं खोबरं ठेवलं. तेव्हापासून त्यांचा नळ गळला नाही आणि आम्हाला खोबरं कमी पडलं नाही.

फेब्रुवारी होता, पण खाली पंपाच्या खोलीत गुडघाभर पाणी साचलं होतं, माणसाच्या नव्हे, आमच्या गुडघ्याने. बाकीच्यांनी सांगितलं, भिंतीशी न्या. मी म्हटलं, चार मजले या अवस्थेत उतरवायचं आणि उकिरड्याशेजारी बाळंत व्हायचं, त्यापेक्षा उत्तराबाईंचा ओटा काय वाईट आहे? उबदार आहे, स्वच्छ आहे, बिल्डिंग सिमेंट-काँक्रीटची आहे. घंगाळ आजोबा म्हणाले, ‘बिल्डिंग जमीन नाही.’ मी म्हटलं, ‘आजोबा, काळ बदललाय.’ पळीला बोलण्याची ताकदच नव्हती. उत्तराबाईंनी ओट्यावर जुन्या लुगड्याची घडी पसरली. शेगडीवर त्यांचा चहा होता. तो उतू गेला आणि आमची मुलगी जन्मली.

पाच वर्षं सगळं छान चाललं. दर वाढदिवसाला उत्तराबाई मुद्दाम चहा उतू घालवायच्या, शेगडीवर वाळलेला गोड थर चमच्याने खरवडून द्यायच्या. उकळी ओट्यावर उभी राहायची, क्षणभर श्वास धरायची आणि म्हणायची, ‘आलं.’ मी घंगाळ आजोबांकडे बघायचो. ते दुसरीकडे बघायचे.

पाचव्या वळ्यानंतर सात-आठ महिन्यांनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली.

पत्रे लागले, माणसं सामान बांधून भाड्याच्या घरांत गेली. उत्तराबाई समोरच्याच गल्लीत तळमजल्यावर एका खोलीत राहायला गेल्या. आमचे लोक आजूबाजूच्या डक्टमध्ये पांगले. आम्ही तिघं मात्र कंपाउंडमधल्या पंपाच्या खोलीत राहिलो, कारण उकळीची जागा तिथेच होती. म्हणजे जागा अजून होती, फक्त तिच्याखालचा ओटा आणि ओट्याखालची चार मजली इमारत जाणार होती. माझ्या मुलीची जन्मजागा हवेत लटकत राहणार होती.

हे लक्षात आलं तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. पण मी हुशार आहे. कंपाउंडमध्ये एक माड होता, इमारतीला जवळजवळ खेटून. तो बिल्डरने ठेवला होता, झाड तोडायची परवानगी काढणं त्याला नको होतं. इमारत पाडायच्या आदल्या दिवशी मी गवंडी वापरतात तसली पारदर्शक नळी पाण्याने भरून ओट्यापासून माडापर्यंत नेली आणि जिथे पाण्याची पातळी आली, तिथे खोडाला उत्तराबाईंच्या परकराची हिरवी नाडी बांधली. ही झाली उंची. आडवी जागा पंपाच्या खोलीच्या कोपऱ्यापासून आणि माडापासून दोऱ्या ताणून धरली. त्या दोऱ्या गुंडाळून जपून ठेवल्या. हवेतली जागा कुणी मोजून ठेवली असेल असं मी तरी ऐकलेलं नाही.

पहिल्या वर्षी मी माडाच्या झावळ्यांवरून दोर सोडून फळीचा झोपाळा केला. उकळीला त्यावर उभं केलं. फळी हलत राहिली, वळं आलं नाही. दुसऱ्या वर्षी तिथे खड्डा होता आणि सळ्या, परातीएवढीही जागा चौथ्या मजल्याच्या उंचीला नव्हती. मी दिवसभर माडाला टेकून बसून राहिलो. उकळी म्हणाली, ‘बाबा, पुढच्या वर्षी दोन घेऊ.’ तिला सांगितलं नाही की दोन मिळत नसतात.

त्या दोन-अडीच वर्षांत ती तेवढीच राहिली, पण शिकत होती. शंभरपर्यंत मोजायला शिकली. उत्तराबाईंकडून मालवणी शिकली आणि आईला ‘आये’ म्हणायला लागली. शेवटच्या हिवाळ्यात पळीने तिला गाठ मारायला शिकवली, तेव्हापासून घरात जे हाताला लागेल त्याला गाठ. माझ्या पान्याला, पळीच्या केसांना, दोन झुरळांच्या मिशांना. ती झोपली की पळी एकेक गाठ सोडवत बसायची आणि मला म्हणायची, ‘या वर्षी व्हायलाच हवं रे.’

तिसऱ्या वर्षी नवी इमारत वर आली होती. खाली चार मजले पार्किंग, त्यावर घरं. मी दोऱ्या काढल्या, नळी भरली, नाडीपासून पातळी नेली. उकळीची जागा पार्किंगच्या सगळ्यांत वरच्या स्लॅबवर येत होती. स्लॅबच्या फरशीपासून बरोबर अर्धी वीत वर.

‘म्हणजे खाली काहीतरी ठेवायचं आणि त्यावर उभं करायचं,’ पळी म्हणाली. ‘झालं.’

तिथेच थांबायला हवं होतं. पण मी माडाकडे बघत होतो. या अडीच वर्षांत माड वाढला होता, डोळ्यांना दिसत होतं. पूर्वी शेंडा उत्तराबाईंच्या खिडकीच्या थोडा वर होता, आता मान मागे टाकून बघावं लागत होतं. माडाच्या खोडावर वळी असतात, अगदी आमच्या शेपटीसारखी. आमच्या शेपटीला नवं वळं नेहमी बुडाशी येतं आणि जुनी पुढे सरकतात. मग माड वाढला तो कुठून? बुडातून. आणि बुडाशी नवी वळी आली तर नाडी कुठे गेली? वर. तीन वाढदिवसांची तीन वळी मी मोजली, त्यांची उंची बोटांनी धरली. अर्धी वीत. नाडीतून ती वजा केली की जागा थेट स्लॅबच्या फरशीवर येत होती. ना वर, ना खाली.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसलो. ‘बघ,’ पळीला म्हटलं, ‘सपाट फरशीवर येतेय जागा. काही ठेवायला नको, काही नको.’

‘नाडी जिथे, तिथे,’ पळी म्हणाली. ‘तू बांधलीस ना? मग तिथेच.’

‘अगं, झाड वाढतं.’

‘वाढू दे. नाडी कुठे वाढते?’

मी तिला शेपटी दाखवून समजावलं. तिला पटलं नाही, पण ती गप्प बसली. पाइप, पाणी, मापं हे माझं खातं, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. ते तसं ठरलेलं नसतं तर बरं झालं असतं.

वाढदिवस रविवारी आला. कामगारांना सुट्टी होती, वॉचमन गेटवर मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. दुसऱ्या दिवशी फ्लॅट बघायला गिऱ्हाइकं येणार म्हणून सगळे मजले झाडून लख्ख केलेले. जेवणं झाल्यावर आम्ही पाइप धरून वर चढलो. उत्तराबाईंनी स्टीलच्या छोट्या डब्यात चहाचा थर खरवडून दिला होता, तो पळीने दोरीने वर ओढून घेतला. उत्तराबाई खाली माडाजवळ, पत्र्याच्या फटीपाशी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना त्याहून जवळ येता येत नव्हतं.

मी दोऱ्या ताणल्या, खडूने फुली केली. ‘या, पाहुणीबाई,’ मी म्हटलं.

उकळी फुलीवर उभी राहिली. श्वास धरला. धरून धरून तिचा चेहरा जांभळा पडला आणि तिने तो सोडला.

‘नाही आलं.’

‘घाई नाही,’ मी म्हटलं. ‘ऊन आहे अजून.’

मी दोऱ्या पुन्हा ताणल्या. फुली बोटभर सरकवली. मग दुसरीकडे बोटभर. पाच वाजेपर्यंत त्या स्लॅबवर इतक्या फुल्या झाल्या की उकळी त्यांवर लंगडी घालायला लागली. पळी भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. ती एकदाही म्हणाली नाही की वर बघ. म्हणाली असती तरी मी ऐकलं असतं असं नाही. मी आडव्या मापातच चूक शोधत होतो, कारण उभ्या मापात मी चुकूच शकत नव्हतो.

ऊन तिरकं झालं. पश्चिमेला टॉवरच्या मधून डोंगर दिसतो, सूर्य त्याच्यावर चार-पाच बोटं राहिला होता. मी म्हटलं, नाडी एकदा हाताने बघून येतो, आणि पाइपावरून घसरत खाली गेलो.

‘काय रे कोयंड्या,’ उत्तराबाईंनी विचारलं, ‘इला काय चेडवाचा वळा?’

‘नाही आलं पोरीचं. माप तर बरोबर आहे. नाडी तीन वळी वर सरकली, तेवढं वजासुद्धा केलं.’

‘सरकली? ती कशी सरकात?’

मी त्यांना सांगितलं. माड बुडातून वाढतो, म्हणून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. थट्टा करतोय का, हे बघत असाव्यात.

‘अरे, माड काय खालसून वाढता?’ त्या म्हणाल्या. ‘माड शेंड्यार वाढता. खोडाक बांधलला थंयच रवता, थंयच्या थंय. शंभर वर्सां झाली तरी.’ मग आवाज उतरला. ‘माडाचा तरी माका विचारूचा होतास रे.’

मी नाडीकडे पाहिलं. ती होती तिथेच होती. पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

मी कसा वर चढलो ते मला आठवत नाही. तळवे सोलवटले होते ते नंतर कळलं. वर पोचलो तेव्हा सूर्याची खालची कड डोंगराला लागली होती. ‘अर्धी वीत वर,’ मी ओरडलो, ‘पळी, अर्धी वीत वर, तू म्हणालीस तेच.’ ती लगेच उठली. कोपऱ्यात भिंतीचे ब्लॉक रचले होते, एक सुटा खाली पडला होता, बरोबर तेवढ्या जाडीचा. आम्ही दोघं त्याला भिडलो. खांदे लावले, पाय रोवले. ब्लॉक दोन बोटं सरकला. फुली दहा पावलांवर होती.

उकळीला वाटलं हा खेळ आहे. तीही आमच्या मध्ये घुसली आणि ढकलायला लागली. ‘हैश्या,’ ती म्हणत होती, ‘हैश्या.’ ब्लॉक आणखी एक बोट सरकला. मी डोंगराकडे पाहिलं, अर्धा सूर्य गेला होता. मला रडू येत होतं आणि रडायलाही वेळ नव्हता.

नंतर हजार गोष्टी सुचल्या. पळीच्या पायाशी खाऊचा डबा होता, तो उपडा घातला असता तरी भागलं असतं. त्या वेळी दोघांपैकी एकाच्याही डोक्यात डबा आला नाही. माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच. मी फुलीवर गेलो आणि हातापायांवर ओणवा झालो. माझी पाठ बरोबर अर्धी वीत उंच होते.

‘पायाखाली जीव नको,’ पळी म्हणाली.

‘कारण सांग,’ मी म्हटलं. ‘कुणालाच माहीत नाही. घाल तिला वर.’

डोंगरावर आता नखाएवढं ऊन उरलं होतं. पळीने तिला उचललं आणि माझ्या पाठीवर उभं केलं. उकळीचे पाय गार होते. मी हललो नाही, श्वासही घेतला नाही, तिला घट्ट काहीतरी मिळावं म्हणून मी जेवढा दगड होता येईल तेवढा झालो.

आणि गुदगुली झाली.

माझ्या शेपटीच्या बुडाशी. माझा वाढदिवस नव्हता, तो जूनमध्ये असतो. लहानपणी बारा वेळा जशी झाली होती तशीच, हसू यावं अशी, आणि मला कळलं की घंगाळ आजोबांना कारण माहीत होतं. जागा बरोबर होती. माझी मुलगी तीन वर्षांनी तिच्या जागेवर उभी होती, आणि तिचं वर्ष तिच्या पायांतून उतरून माझ्यात येत होतं. मला ते थांबवता येईना. मी म्हणालो, ‘नको, नको,’ पण कुणाला म्हणत होतो ते मलाही सांगता येणार नाही.

‘आलं का, बाबा?’ वरून तिने विचारलं. ‘मला काही वाटलं नाही.’

सूर्य गेला.

पळीने तिला खाली घेतलं. माझी शेपटी तिने पाहिली असणार, कारण ती तिथेच खाली बसली. मग तिने उकळीला मांडीवर घेतलं, डबा उघडला आणि चहाचा थर बोटाने तिच्या तोंडात घातला. ‘खा, उकळी,’ ती म्हणाली. सकाळपासून आम्ही तिचं नाव घेतलं नव्हतं. आता पाहुणी म्हणून ठेवून काही मिळणार नव्हतं.

खाली आल्यावर उत्तराबाईंनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि आपला पदर उकळीकडे सरकवला. उकळी त्यांच्या चपलेवर बसून त्यांच्या पदराच्या टोकाला गाठ मारत होती. एक मारली, दुसरी मारली. पळी म्हणाली, ‘अजून एक मार.’ ती बघत होती, मीही बघत होतो. आम्हाला माहीत होतं की झोपेतून उठल्यावर हे तिला येणार नाही. ते थांबवायला काय करावं ते आम्हाला माहीत नव्हतं. तिला जागं ठेवायचा विचारही आमच्या मनात येऊन गेला. पण ती पाच वर्षांची होती, आणि दमली होती.

सकाळी ती उठली आणि इकडेतिकडे बघायला लागली.

‘बाबा, आपण पंपाच्या खोलीत कशाला झोपलो?’

ती पळत दाराच्या फटीपाशी गेली. फटीतून डोकं बाहेर काढून तिने वर पाहिलं.

‘आपली बिल्डिंग कुठे गेली?’

‘पाडली,’ मी म्हटलं. ‘नवी बांधतायत.’

‘उत्तराबाईंना लागलं का?’

‘नाही. त्या समोर राहतात.’

हे ऐकून तिला बरं वाटलं. पळीने तिच्या हातात दोरीचा तुकडा दिला. उकळीने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. ‘तू बांध ना, आई,’ ती म्हणाली. आये नव्हे. आई.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. समोरच्या टॉवरमध्ये लोक राहायला आले. उकळीच्या जागेवर कुणाची तरी पांढरी गाडी उभी असते. थांबलेली मोजणी पुन्हा सुरू होत नाही, असं सगळे सांगतात, आणि आता मी कुणाशी वाद घालत नाही. तरी वाढदिवसाला मी तिला तिथे नेतो. गाडीखाली डबा उपडा ठेवतो, तिला त्यावर उभं करतो. ती श्वास धरते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विचारते, बिल्डिंग कुठे गेली, उत्तराबाईंना लागलं का. मी सांगतो.

मग ती माझ्या मांडीवर चढून माझी वळी मोजायला घेते. ही तिची पहिल्या पाच वर्षांतली सवय, ती गेली नाही. तिला वीसपर्यंतच येतं. बुडापासून सुरुवात करते, एकेका वळ्यावर बोट ठेवते. त्यातलं एक बारीक आहे, गुलाबी, बाकीच्यांच्या निम्मं. माझी नवी वळी येतात तसं ते दर वर्षी एक घर टोकाकडे जातं, आणि ती दर वर्षी ते नव्याने शोधते.

‘बाबा, हे तुझं नाहीये.’

‘मग कुणाचं?’

ती आपली शेपटी पुढे ओढते आणि माझ्या शेपटीला लावून बघते. तिची पाच वळी आणि हे एक, एकाच मापाची.

‘माझं आहे,’ ती म्हणते.

‘हो,’ मी म्हणतो. ‘तुझंच आहे.’

‘मग दे ना,’ ती म्हणते, आणि हात पुढे करते.